मांजरीचे खाणे चांगले, तरी वजन घटते आहे: तपासण्यांचा क्रम कसा ठेवावा?

खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार. आमची मांजर अकरा वर्षांची, साधी देशी, नसबंदी झालेली आणि पिल्लू असल्यापासून फ्लॅटमध्येच वाढलेली आहे. मागच्या पावसाळ्यात लसीच्या वेळी दवाखान्यातल्या काट्यावर तिचे वजन ४.६ किलो भरले होते. आता त्याच काट्यावर ते ३.७ किलो भरले आहे. मधल्या काळात तिचे खाणे कमी झाले असे घरातल्या कोणालाही जाणवलेले नाही. उलट पहाटे ताटलीपाशी येऊन ती पूर्वीपेक्षा जास्त ओरडते आणि दिलेले सगळे संपवते. दोन वेळा ड्राय फूड आणि दुपारी उकडलेले चिकन किंवा मांदेली, असा तिचा आहार आहे. पाणी किती पिते हे सांगणे अवघड आहे, कारण तिला स्वतःच्या वाटीपेक्षा बाथरूममधली बादली अधिक प्रिय आहे.

आठवड्यातून एखाद-दोन वेळा तिला उलटी होते. तीत कधी केस असतात, कधी न पचलेले दाणे. दवाखान्यात त्याला आजवर केसांचे गोळेच म्हटले गेले. या वेळी जंताची गोळी आणि यकृताचे टॉनिक मिळाले व 'वयानुसार असे होते' असे सांगण्यात आले. दोन्ही देऊन झाले, वजनात फरक नाही. रक्ताच्या सगळ्या तपासण्या एकदम कराव्यात की टप्प्याटप्प्याने, सोनोग्राफी आधी करावी की नंतर, आणि वय हे कारण मानून थांबणे कितपत योग्य आहे, यावर अनुभवी सदस्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

येऊरचा_पाऊस (वर्तकनगर, ठाणे)

आधी आकडा पाहू. ४.६ वरून ३.७ म्हणजे जवळजवळ वीस टक्के घट झाली. साठ किलोच्या माणसाचे वजन काहीही न करता बारा किलोंनी उतरले, तर त्याला कोणी टॉनिक देऊन घरी पाठवणार नाही. मांजराचे वजन आपोआप पाच टक्के घटले तरी नोंद घ्यावी आणि दहा टक्क्यांपर्यंत गेले की तपासण्या सुरू कराव्यात, असा साधारण संकेत आहे. अडचण अशी की चार किलोच्या मांजरात हे दहा टक्के म्हणजे अवघे चारशे ग्रॅम असतात आणि रोज उचलून घेणाऱ्या हाताला ते कळत नाहीत. त्यातून पोटाखालची लोंबती चरबी बराच काळ तशीच राहते आणि पाठीच्या कण्यालगतचे व खांद्यावरचे स्नायू आधी झिजतात, त्यामुळे लांबून मांजर गुटगुटीतच दिसते. पर्शियन मांजरांच्या बाबतीत तर केसांखाली काय चालले आहे हे बोटे फिरवल्याखेरीज समजतच नाही.

दवाखान्यात 'खाते का?' असा एकच प्रश्न विचारला जातो आणि आपण 'हो' म्हणून मोकळे होतो. माझ्या मते तिथे निदान तीन प्रश्न हवेत: तिला खावेसे वाटते का, वाटल्यावर तोंडाने खाता येते का, आणि खाल्लेले अंगी लागते का. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात बहुधा पहिल्याच प्रश्नाशी गाडी अडते. मळमळीमुळे मांजर ताटलीपाशी येते, हुंगते आणि निघून जाते. दातांच्या आजारात दुसऱ्याशी अडते. तुमच्या वर्णनावरून पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी दिसतात, म्हणून शोध तिसऱ्यापासून सुरू व्हायला हवा. दहा वर्षांवरील मांजर भूक टिकवून किंवा वाढवून वजन गमावत असेल, तर थायरॉईडचा अतिस्राव, मधुमेह आणि आतड्यांचा जुनाट आजार या तिघांचा विचार सर्वांत आधी होतो.

थायरॉईड म्हटले की आपल्याकडे अंगाला सूज येऊन वजन वाढलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. मांजरांत नेहमीची गोष्ट नेमकी उलटी आहे. ग्रंथी वाढते, जास्त स्राव करते, शरीर अन्न भराभर जाळते, हृदयाचे ठोके वाढतात आणि मांजर अस्वस्थ होऊन अवेळी ओरडू लागते. मांजरांमधल्या या विकाराचे पहिले नीट वर्णन १९७९ मध्ये झाले आणि आता तो वयस्क मांजरांच्या नेहमीच्या आजारांत मोडतो. रक्तातील टी-फोर (थायरॉईडचे संप्रेरक) ही त्याची पहिली तपासणी. नेहमीच्या पॅनेलमध्ये ती असतेच असे नाही, म्हणून नाव घेऊन मागावी.

जुना_बोका (नौपाडा)

मी थोडा वेगळा सूर लावतो. आमचा बोका सोळाव्या वर्षी गेला आणि शेवटची दोन वर्षे तो हळूहळू वाळतच गेला होता. त्याला कॅरियरमध्ये घालण्याचाच इतका धसका होता की प्रत्येक तपासणीनंतर तो दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नसे. तपासणी करण्याआधी मालकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: जो निकाल येईल त्यानुसार मी पुढचे उपचार खरोखर करणार आहे का? करणार नसेन, तर मांजराला सुया टोचून केवळ माझी उत्सुकता भागते. वयस्क मांजरांची प्रथिने आणि चरबी पचवण्याची ताकद कमी होते, हेही तितकेच खरे आहे.

परळवारी (कोपरी, ठाणे पूर्व)

जुना_बोका, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावा. फक्त सोळाव्या वर्षाचा न्याय अकराव्याला लावता येणार नाही. घरातच राहणाऱ्या मांजरीला अकराव्या वर्षानंतर आणखी पाच-सहा वर्षे सहज मिळू शकतात. शिवाय वर आलेल्या तीन आजारांपैकी थायरॉईड रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो, मधुमेह इन्सुलिनने राहतो आणि वेळीच उपचार झाले तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही. निकालानंतर करण्यासारखे पुष्कळ असते. धसक्याबद्दल म्हणाल तर भेटीच्या आधी घरी द्यायचे सौम्य शामक आता बरेच डॉक्टर लिहून देतात. ते त्यांना विचारूनच द्यावे. कॅरियर चादरीने झाकून न्यावा आणि एरवीही तो घरात उघडा ठेवावा, म्हणजे तो दिसला की दवाखानाच आठवतो असे होत नाही.

खाडीकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की पहिल्या टप्प्याच्या तपासण्या एकाच रक्तनमुन्यातून करून घ्याव्यात. त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत व मूत्रपिंडाचे आकडे, साखर, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन (रक्तातली प्रथिने), क्षार व टी-फोर यावेत, आणि त्याच भेटीत लघवीची तपासणी व्हावी. लघवी लोक टाळतात, कारण ती गोळा करणे कटकटीचे असते. परंतु रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढेपर्यंत मूत्रपिंडाची साधारण तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेलेली असते. लघवी पातळ होऊ लागते ते त्याच्या आधी. मांजराच्या लघवीची विशिष्ट घनता १.०३५ च्या खाली वारंवार येत असेल तर क्रिएटिनिन सामान्य असूनही डॉक्टर सावध होतात. एसडीएमए नावाची मूत्रपिंडाचीच आणखी एक रक्ततपासणी मिळाली तर तीही करावी, कारण सरासरी चाळीस टक्के कार्यक्षमता गेली की लगेच ती वाढलेली दिसू लागते.

थायरॉईड आणि मूत्रपिंड यांचा एक गुंता आहे आणि तो डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवण्यासारखा आहे. थायरॉईड वाढलेला असताना मूत्रपिंडातून रक्त वेगाने वाहते, त्यामुळे क्रिएटिनिन खोटेच चांगले दिसते. स्नायू झिजल्यामुळेही ते कमी येते, कारण क्रिएटिनिन तयार होते स्नायूंतच. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात क्रिएटिनिन वर गेले, तर 'गोळीने किडनी बिघडवली' असा समज होतो आणि गोळी बंद केली जाते. बहुतेक वेळा झाकलेला आजार तेवढा उघडा पडलेला असतो. अशा वेळी डोस ठरवणे हे डॉक्टरांचे कौशल्य आहे.

दुसऱ्या मतासाठी परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. १८८६ पासूनची ती संस्था आहे आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालयही त्याच आवारात आहे. ऐरोलीहून ठाण्याला येऊन धिम्या लोकलने परळ गाठता येते, मात्र गर्दीच्या वेळी मांजर घेऊन हा प्रवास करू नये. आधीचे सगळे रिपोर्ट आणि वजनाच्या नोंदी सोबत ठेवा.

सेक्टर_अठरा (नेरुळ)

मधुमेहाविषयी लिहितो, कारण आमच्या बोक्याला तो आहे. मांजर घाबरले की त्याची रक्तातली साखर तात्पुरती खूप वर जाते, कधीकधी अडीचशे-तीनशेपर्यंतही. दवाखान्याच्या टेबलावरचा एक आकडा पाहून इन्सुलिन सुरू करणे धोक्याचे आहे आणि त्याच कारणाने वाढलेला आकडा 'घाबरलंय' म्हणून सोडून देणेही धोक्याचे आहे. फ्रुक्टोसामाईन ही तपासणी मागच्या एक ते तीन आठवड्यांतील साखरेचा सरासरी अंदाज देते, त्यामुळे भीतीचा प्रश्न निकालात निघतो. घरच्या लघवीतही साखर सापडली तर शंका आणखी कमी होते.

बादलीचा प्रश्न सोडवणे सोपे आहे. काही दिवस बाथरूमचे दार लावून ठेवा, वाटीत मोजून पाणी घाला आणि चोवीस तासांनी उरलेले मोजा. एक किलो वजनामागे दिवसाला शंभर मिलीलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, तर ते नक्कीच अधिक आहे. सुके अन्न खाणारी मांजरे वेट फूड खाणाऱ्यांपेक्षा मुळातच जास्त पितात, हे लक्षात ठेवून आकडा वाचा. लिटर बॉक्समधले ओले गोळे पूर्वीपेक्षा मोठे होत आहेत का, हेही पाहा. मांजर मागच्या पायांच्या घोट्यांवर टेकून चालू लागले असेल, तर ती मधुमेहाची पुढची खूण आहे. आमच्या घरी ती जिना चढताना दिसली होती.

तीन_मांजरे (घोडबंदर रोड)

वजन घरी कसे करावे याबद्दल कोणी लिहिले नाही. माणसाच्या काट्यावर मांजर कडेवर घेऊन उभे राहायचे आणि मग स्वतःचे वजन वजा करायचे, ही पद्धत पिल्लांसाठी व वयस्क मांजरांसाठी निरुपयोगी आहे, कारण त्या काट्याची चूक शंभर-दोनशे ग्रॅमची असते आणि आपल्याला नेमके तेवढेच शोधायचे असते. बाळांचा काटा उत्तम. तो नसेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हातकाट्याला कॅरियर अडकवा आणि रिकाम्या कॅरियरचे वजन वजा करा. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, एकाच काट्यावर.

एकापेक्षा जास्त मांजरे असलेल्या घरात 'सगळे संपते' या वाक्याला काही अर्थ नसतो, कारण कोण संपवते ते आपण पाहत नाही. आमच्या घरी मधली मांजर दारात नुसती बसून राहायची आणि थोरली ताटलीपर्यंत जायचीच नाही. मारामारी नाही, गुरगुरणे नाही, फक्त बसणे. वेगवेगळ्या खोल्यांत ताटल्या दिल्यावर थोरलीचे वजन परत आले, कोणतेही औषध न देता. सोसायटीच्या आवारात फिरणाऱ्या मांजरांचे याच्या उलट असते. वॉचमन, तळमजल्यावरचे घर, मागची खानावळ, सगळीकडे त्यांचे खाते असते, म्हणून तुमच्या घरी ते कमी खाते याचा अर्थ त्याची भूक गेली असा होत नाही.

शिवाय आहार. मांदेली आणि चिकन हे आवडीने खाल्ले जाते, पण हाडाविना नुसते उकडलेले चिकन हा पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम फार थोडे असते, आणि टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावे लागणारे अमिनो आम्ल) उकळताना पाण्यात उतरते व ते पाणी आपण ओतून देतो. टॉरिनच्या कमतरतेने मांजरांचा हृदयस्नायू दुबळा होतो, हे १९८७ मध्येच दाखवले गेले आहे. कच्ची मासळी सतत दिली तर तिच्यातले एक विकर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) नष्ट करते. जून-जुलैत मासेमारी बंद असली की ताजी मासळी महाग होते आणि घरोघरी सुकट व जवळा निघतो. तो खारट असतो आणि किडनीच्या मांजराला तर तो मुळीच देऊ नये. तुमच्याकडे दोन वेळा पूर्ण आहाराचे ड्राय फूड आहे, त्यामुळे वजन घटण्याचे कारण हे नसावे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिले.

खाडीकाठ (ऐरोली)

सर्वांचे आभार. एकच मांजर आहे, त्यामुळे ताटलीवरची दादागिरी नाही. दार लावून पाणी मोजले, ते मर्यादेत आहे. दुसऱ्या दवाखान्यात दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले, गळ्यावरून बोटे फिरवली (गाठ नाही), रक्तदाब घेतला आणि पोट दाबून पाहताना आतड्यांचे वेटोळे हाताला जाड लागतात असे म्हणाल्या. रक्त व लघवी दिली आहे. जंतांविषयी एक प्रश्न: गोळी दिलेली असताना पुन्हा शी तपासण्याचा आग्रह का धरतात?

परळवारी (कोपरी, ठाणे पूर्व)

कारण प्रत्येक गोळी प्रत्येक जंतावर चालत नाही. गोल कृमींवर चालणारे साधे औषध पट्टकृमींवर निष्प्रभ ठरते. त्यासाठी प्राझिक्वांटेल असावे लागते. पट्टकृमी पिसवांमधून येतो, म्हणून पिसवांचा बंदोबस्त न करता गोळ्या देत राहिलो तर तो पुन्हा पुन्हा येतो. शेपटीखाली किंवा बिछान्यावर तांदळाच्या दाण्याएवढे वाळलेले तुकडे दिसले तर तोच समजावा. जिआर्डियासारखे एकपेशीय जीव तर जंताच्या नेहमीच्या एका गोळीला दाद देत नाहीत. अंडी रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. असे असले तरी अकरा वर्षे घरात राहिलेल्या मांजरीचे वीस टक्के वजन केवळ जंतांनी उतरेल, असे मला वाटत नाही. पिसवांसाठी कुत्र्याचे औषध मात्र कोणीही वापरू नये. त्यात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला जीवघेणे ठरते.

कामोठे_पनवेल (कामोठे)

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमचे पिल्लू दहा महिन्यांचे आहे. तेही खंगत चालले आहे, ताप येतो-जातो आणि अँटिबायोटिकने उतरत नाही. घरात मुलांचे तापाचे औषध आहे, त्याचा थेंबभर डोस चालेल का?

येऊरचा_पाऊस (वर्तकनगर, ठाणे)

मुळीच नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात निकामी केले जात नाही. थोड्या मात्रेनेही रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि मांजर दगावते.

दोन वर्षांखालील मांजर, न उतरणारा ताप आणि घटते वजन या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर डॉक्टरांना एफआयपीविषयी थेट विचारा. मांजरांमधल्या एका सामान्य कोरोनाविषाणूत बदल होऊन हा आजार होतो. पोटात पाणी भरतेच असे नाही. कोरड्या प्रकारात ते नसते, पण रक्तात ग्लोब्युलिन वाढलेले आणि अल्ब्युमिन उतरलेले दिसते. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा आजार म्हणजे शेवटच होता. आता जीएस-४४१५२४ या औषधाने बहुसंख्य मांजरे वाचतात. उपचार साधारण बारा आठवड्यांचे असतात आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू) आणि ल्युकेमिया विषाणूची जलद चाचणीही करून घ्या. आज किंवा उद्या दाखवा, आणि या विषयाचा वेगळा धागा काढा, म्हणजे त्याकडे नीट लक्ष देता येईल.

खाडीकाठ (ऐरोली)

निकाल आले. टी-फोर सामान्य मर्यादेच्या मध्यावर आहे, साखर व फ्रुक्टोसामाईन ठीक, क्रिएटिनिन ठीक, लघवीची घनता १.०४५. शीमध्ये काही सापडले नाही. अल्ब्युमिन किंचित कमी आहे. त्यानंतर सोनोग्राफी झाली. लहान आतड्याच्या भिंतीतील स्नायूंचा थर जाड झालेला आहे आणि जवळच्या लसिका गाठी थोड्या मोठ्या आहेत. (पोटावरचे केस भादरतात हे आधी माहीत असते तर घरच्यांची तयारी करून ठेवली असती, आई तिला पाहून दिवसभर माझ्याशी बोलली नाही.) बी-१२ बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले होते, तेही बरेच कमी आले.

डॉक्टर म्हणतात की हा आतड्यांचा जुनाट दाह आहे किंवा सौम्य गतीचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) आहे आणि सोनोग्राफीवरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांनी आधी आहार बदलून पाहणे आणि बी-१२ ची इंजेक्शने सुचवली. एका परिचितांचा आग्रह आहे की स्टिरॉईड लगेच सुरू करावे, कारण त्यांच्या मांजराला दोन दिवसांत गुण आला होता.

परळवारी (कोपरी, ठाणे पूर्व)

तुमच्या डॉक्टरांचा क्रम मला पटतो. मांजरीची भूक शाबूत आहे, त्यामुळे दोन-तीन आठवडे आहार बदलून पाहण्याइतका अवकाश तुमच्याकडे आहे. तिने खाणे सोडले असते तर सल्ला वेगळा असता, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते लठ्ठ असले, तर यकृतात चरबी साचून नवाच जीवघेणा आजार उभा राहतो.

स्टिरॉईडने गुण येतो तो दाहातही येतो आणि लिम्फोमातही, त्यामुळे गुण आला यावरून निदान होत नाही. उलट ते सुरू केल्यावर बायोप्सी (आतड्याचा तुकडा काढून तपासणे) घेतली तर पेशींचे चित्र पुसट होते आणि पॅथॉलॉजिस्टला ठामपणे सांगता येत नाही. म्हणून बायोप्सी करायची की नाही, हा निर्णय पहिल्या गोळीच्या आधी व्हावा. दुर्बिणीतून घेतलेले तुकडे वरवरचे असतात आणि दुर्बीण लहान आतड्याच्या मधल्या भागापर्यंत पोहोचत नाही. शस्त्रक्रियेने पूर्ण जाडीचे तुकडे मिळतात, पण अल्ब्युमिन फार उतरलेले असेल तर टाके न भरण्याची भीती असते. जुना_बोका यांचा प्रश्न इथे खरा उपयोगी आहे. सौम्य गतीचा लिम्फोमा निघाला, तरी प्रेडनिसोलोन आणि क्लोराम्ब्युसिल या गोळ्या घरीच देता येतात आणि पुष्कळ मांजरे दोन किंवा त्याहून अधिक वर्षे चांगली काढतात, त्यामुळे 'कर्करोग' हा शब्द ऐकूनच हातपाय गाळण्याचे कारण नाही. पुढे गोळी लिहून मिळालीच तर ती प्रेडनिसोलोन आहे, प्रेडनिसोन नाही, हे चिठ्ठीवर पाहा. दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर मांजराचे यकृत नीट करत नाही.

बी-१२ ला टॉनिक समजू नका. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि तो भाग आजारी पडला की रक्तातली पातळी उतरते. पातळी उतरली की भूक व पचन आणखी बिघडते. ते भरून न काढता बाकीचे उपचार केले तर अपेक्षित गुण येत नाही. साधारणपणे सहा आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन कातडीखाली देतात, मग अंतर वाढवून पुन्हा तपासतात.

जुना_बोका (नौपाडा)

माझ्या बोक्याच्याही उलट्या होत्या आणि त्याही केसांच्याच समजल्या गेल्या होत्या. आठवड्याला उलटी ही नेहमीची गोष्ट नाही, हे या धाग्यामुळे आणखी चार जणांना कळले तरी पुरे. आहाराची चाचणी नेमकी कशी करतात, हे कोणी लिहील का?

तीन_मांजरे (घोडबंदर रोड)

मूळ कल्पना अशी की आतड्यांना जे प्रथिन ओळखीचे आहे आणि ज्यावर दाह उठत असावा, ते पूर्ण बंद करायचे. त्यासाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला, हायड्रोलाइज्ड म्हणून मिळणारा आहार डॉक्टर लिहून देतात, किंवा मांजराने कधीच न खाल्लेले मांस निवडतात. आपल्याकडच्या मांजरांचे सारे आयुष्य चिकन आणि मासळीवर गेलेले असते, त्यामुळे कधीच न दिलेले असेल तर बकऱ्याचे मटणही नवे ठरू शकते. मात्र ते दीर्घकाळ द्यायचे असेल तर टॉरिन, कॅल्शियम वगैरे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. जुना आहार एकदम काढून नवा ठेवू नका. आठवडाभरात प्रमाण वाढवत न्या, नाहीतर मांजर उपास धरते. पोटाच्या तक्रारींत फरक पडायचा असेल तर तो बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो. त्वचेच्या तक्रारींना दोन महिने लागतात.

चाचणी फसते ती बाहेरच्या खाण्याने. चिकनची चव लावलेली जंताची गोळी, क्रीमची ट्यूब, ताटातला घास, यातले एकही चालत नाही.

खाडीकाठ (ऐरोली)

हायड्रोलाइज्ड आहार पूर्णपणे सुरू आहे आणि बी-१२ ची इंजेक्शने चालू आहेत. बॅगेचा हातकाटा आणला. घरच्या काट्यावर सुरुवात ३.६८ ला झाली होती, आता ३.८१ भरले. उलट्या जवळजवळ थांबल्या आहेत. डॉक्टरांशी बोलून बायोप्सी सध्या पुढे ढकलली आहे. वजन पुन्हा उतरू लागले किंवा अल्ब्युमिन आणखी कमी झाले तर ती करायची आणि तोवर स्टिरॉईड सुरू करायचे नाही, असे ठरले आहे. अडचण वेगळीच आहे. शेजारच्या काकू दुपारी गॅलरीच्या जाळीतून तिला मांदेली भरवतात, हे काल समजले. त्यांना सांगितले, त्यांनी मान्यही केले, पण मांजर त्या वेळेला जाळीशी जाऊन ओरडते आणि त्यांचा जीव तुटतो. वजन वाढते आहे, तर आठवड्यातून एक मांदेली चालेल का?

तीन_मांजरे (घोडबंदर रोड)

आत्ता नको. एक मासासुद्धा चाचणी बिघडवायला पुरेसा आहे. उद्या उलटी झाली तर ती आहार लागू न पडल्यामुळे झाली की मांदेलीमुळे, हे तुम्हाला किंवा डॉक्टरांना सांगता येणार नाही. काकूंना तिच्याच नव्या आहारातले मोजून दाणे एका डबीत देऊन ठेवा आणि दुपारची वेळ त्यांच्याकडेच राहू द्या. ते दाणे दिवसाच्या मापातून वजा करा. वजन स्थिर झाले आणि डॉक्टरांनी होकार दिला की जुने पदार्थ एकेक करून परत आणता येतात. आधी नुसते उकडलेले चिकन, थोडेसे, दोन आठवडे, आणि उलटी किंवा पातळ शी झाली तर लगेच बंद. मासळी त्यानंतर, तीही ताजी, उकडलेली आणि मीठ न लावलेली.